उजवीकडे पाहा

उजवीकडे पाहा, मी म्हणतो,
आणि इचलकरंजीची बेचाळीस डोकी
एकदम उजवीकडे वळतात.
मे महिना, चारचं ऊन,
जांभ्याचा दगड तव्यासारखा.
हा एकच मनोरा उरलाय, तोही अर्धा.
आधी छत बसलं, मग दर्शनी भिंत गेली.
घंटा पणजीला नेली, ती अजून वाजते.
सव्वीस वर्षं हीच वाक्यं,
जुन्या पायऱ्यांसारखी
मधोमध झिजलेली.

तेवढ्यात खिशात फोन थरथरतो.
लिस्बनहून सुलक्षा.
मंगळवार तिच्या सुटीचा,
एरवी ती एका हॉटेलात
तिसऱ्या मजल्यावरच्या चादरी बदलते.

"बाबा, हे बघा, इथंही छप्पर नाही!"
पडद्यावर कमानी, नुसत्या कमानी,
खाऊन झालेल्या इसवणाच्या काट्यासारख्या,
आणि मधून निळं, धुतलेलं आभाळ.
भूकंपात पडलं, ती पाटीवरचं वाचते,
मग मुद्दाम तसंच ठेवलं.
तिकीट महाग होतं, पण काढलं.

आमचं भूकंपानं नाही गं पडलं, मी म्हणतो.
इथं ताप आला.
माणसं होड्यांत बसून खाली उतरली नदीनं,
आणि मागाहून त्यांच्या घरांचे दगडही.

ज्यानं गोवा पाहिला
त्यानं लिस्बन नाही पाहिलं तरी चालेल,
अशी म्हण होती त्यांची.
बसमध्ये सांगतो मी ती, लोक हसतात.
सुलक्षानं गोवा पाहिला होता की.
बारावीपर्यंत रोज, फेरीतून,
दिवाडीच्या काठावरून, दप्तर पोटाशी धरून.
तरी जावं लागलं.
माझ्या वडिलांची जन्मनोंद
पुराभिलेखात सापडली, वाळवीनं कडा खाल्लेली.
त्यात त्यांचं नाव गोविंदा कामोतीं.
घरी कुणी त्यांना तशी हाक मारली नव्हती,
पण त्याच नावावर
नातीचा पासपोर्ट निघाला.

"लिस्बन म्हणालात काय, साहेब? दाखवा की!"
आणि बेचाळीस डोकी मनोऱ्याकडे पाठ करून
माझ्या तळहाताभोवती गोळा होतात.
कुणी म्हणतं, रस्ते बघा कसे स्वच्छ.
कुणी म्हणतं, ट्राम आहे वाटतं.
एक पोरगं विचारतं,
मग खरी राजधानी कुठली, ही का ती?
सव्वीस वर्षांत ह्याचं वाक्य केलं नाही मी.

नाकात चमकी घातलेल्या एक अक्काताई
सगळ्यांना कोपरानं बाजूला सारून
पडद्याजवळ तोंड नेतात, मोठ्यानं विचारतात,
"जेवलीस का गं पोरी?"

सुलक्षा काही बोलत नाही.
कमानी हलतात, आभाळ तिरकं होतं,
तिचा बूट दिसतो, फरशी, पुन्हा बूट.
मग म्हणते, "थांबा, तुम्हाला नदी दाखवते,"
आणि तरातरा चालत उतारावर येते.

आम्हीही चालतो. तसाही रस्ता तिकडंच जातो,
धक्क्यावरच्या कमानीकडे,
जिच्याखालून नवा व्हाइसरॉय गावात शिरायचा.
तिच्या आतल्या बाजूला दगडात एक बाई आहे
हातात तलवार घेतलेली,
आणि तिच्या पायाखाली पागोटं घातलेला माणूस.
त्याच्याकडे मी नेहमी शेवटी बोट दाखवतो.
आज विसरलो.

धक्क्यावर फोन उलटा धरतो, मांडवीकडे.
ती तिकडे धरते, तिच्या नदीकडे.
दोन्ही चौकटींत नुसता पांढरा उजेड,
पाणी कुठंच दिसत नाही.
"दिसतंय का?" ती विचारते.
दिसतंय, मी म्हणतो. "तुला?"
"दिसतंय."

मागं ड्रायव्हर हॉर्न देतो,
मंगेशीला उशीर होतोय.
फेरी लागते, दोन स्कूटर आणि एक म्हातारा उतरतो.
अक्काताई अजून तिथंच,
पदरानं डोक्यावर सावली धरून मला सांगतायत
की ती जेवली नाहीय,
आवाजावरून कळतं.