सत्तावीसपैकी सहा

थंडर बे, फेब्रुवारी.
ज्यूरीला बाहेर पाठवलंय, बाराही जणांना,
बिस्किटं आणि कोमट कॉफी देऊन.
आत उरलो आम्ही, ज्यांची मनं
कशानेही कलुषित होत नाहीत असं कायदा धरून चालतो:
न्यायमूर्ती थॉर्बर्न, दोन वकील, आरोपी,
आणि मी, लेबलं चिकटवणारी.

फोटो सत्तावीस.
सरकारी वकील म्हणतात, जखमांची दिशा कळायला हवी.
बचाव म्हणतो, दिशा डॉक्टर तोंडी सांगतील,
असला फोटो पाहून माणूस विचार करत नाही,
कुणाला तरी शोधायला लागतो,
आणि समोर बसलेला असतो माझा अशील.
(हे मला पटलं. कुठे नोंदवलं नाही,
ते माझं काम नाही.)

न्यायमूर्ती एकेक उचलतात
तांदळातले खडे वेचावेत तसे.
हा नको, त्याच जखमेचा दुसरा.
हा नको, यातून सिद्ध काही होत नाही,
नुसतं दिसतं.
नुसतं दिसतं, चष्मा पुसत ते पुन्हा म्हणाले.
एका पारड्यात पुरावा, दुसऱ्यात
बघणाऱ्याच्या पोटात उठणारा गोळा.
तराजू मी कधी पाहिला नाही. पाहिला तो
अकरा नंबरच्या कोपऱ्यावर उमटलेला
त्यांचा ओला अंगठा.

साडेचारपर्यंत सहा उरले.
आणि तेही, हुकूम झाला, रंग काढून.

मी तळघरातून नव्या प्रिंट आणल्या.
आइलाच्या स्वयंपाकघराची फरशी राखाडी,
तिचा पिवळा स्वेटर राखाडी,
फ्रिजपाशी लिंगनबेरीच्या मुरंब्याची बरणी फुटलेली,
तोही राखाडी.
दुसऱ्या दिवशी ज्यूरीकडून चिठ्ठी आली,
पेन्सिलीने, शाळकरी अक्षरात:
यातलं रक्त कुठलं आणि मुरंबा कुठला?

कुणी हसलं नाही.
वकील उठले, बसले. पुन्हा ज्यूरी बाहेर, पुन्हा बिस्किटं.
तासाभराने ठरलं, बाण काढायचे.
लाल नको, बचाव म्हणाला.
मग तपास अधिकाऱ्याने पिंजऱ्यात उभं राहून
निळ्या पेनने दोन बाण काढले,
दुसरा काढताना जरा थांबला.

उरलेले एकवीस मी पाकिटात घातले.
लाख आता नसते, चिकटपट्टी असते,
तिच्यावर सही, तारीख, वेळ.
वरच्या कोर्टाने मागितले तरच उघडायचे.
नंबर जुळवताना मी सगळे पाहिले, पाठपोट.
माझ्या मनाचं काय,
असा अर्ज कोणत्याही बाजूने आला नाही.
एकोणीस नंबरमध्ये तर
नाही. तो सीलबंद आहे.

जेवणाच्या सुट्टीत कॉरिडॉरमध्ये तिची आई,
हेल्वी नीस्कानेन,
रोज त्याच बाकावर, बूट काढून,
पाय हीटरपाशी, कोट मांडीवर घडी घातलेला.
सहाही फोटो तिनं मान न वळवता पाहिले होते,
निळ्या बाणांसकट.
माझ्या गळ्यातलं ओळखपत्र वाचत हळू म्हणाली,
बाकीचे तुम्हीच ठेवता ना?
हो.
मला बघायचे नाहीत.
एवढंच सांगा, तिच्या पायात मोजे होते का?
त्या घराची फरशी फार गार पडायची.
मी विणून द्यायचे, दर नाताळला एक जोड,
ती घालायची नाही, टोचतात म्हणायची.

एकोणीस.
एका पायात.

मी म्हटलं, पाणी हवं असेल तर
नळ डावीकडे आहे, जिन्याच्या पलीकडे.
माहीत आहे, ती म्हणाली,
आणि बूट घालायला लागली.