वरच्या बाकावर

जमिनीवर टिपूस नव्हता.
तीन आठवडे रोज सकाळी पिकअपखाली वाकून
मी डाग शोधत होते.
बर्फ कोरा.
तरी पहिल्या चावीला ती उठायची नाही.
खोकायची, पुन्हा खोकायची,
मग काळा धूर सोडून
मलाच वेड्यात काढल्यासारखी सुरू व्हायची.

म्हातारा उर्हो बॉनेटवर वाकला.
त्याचे कान गेलेत, नाक शाबूत आहे.
"आतल्या आत गळतंय, ऐली.
रात्रभरात सगळी वाटी इंजिनात रिकामी होते."
आणि नव्या कार्बुरेटरची किंमत सांगताना
त्याने आवाज खाली आणला,
एरवी तो ओरडूनच बोलतो.

गुरुवारी ऑस्मोचं जहाज डुलुथला लागणार,
हंगामाची शेवटची खेप.
आज मंगळवार.

चार बोल्ट. एक नळी. एक स्प्रिंग, जी उडाली
आणि बटाट्यांच्या टोपलीत सापडली.
स्वयंपाकघराच्या टेबलावर तो पालथा घातला
तेव्हा दिसल्या पोटाखाली दोन गोल टिकल्या,
कारखान्यात ठोकून बसवलेल्या,
कडेने ओलसर.
एवढंसंच. एवढ्यासाठी तीन आठवडे.

पेट्रोल निथळू दिलं. स्पिरिटने पुसलं. सुईने खरवडलं.
मग दोन ट्यूब, दोन्हीतून सारखीच लांबी,
जॅमच्या झाकणावर,
आगपेटीच्या काडीने घोटत राहिले
पांढरं आणि काळं ओळखू येईनासं होईपर्यंत.
नखाएवढा लेप या टिकलीवर, नखाएवढा त्या.
बोटाला लागला तो अजून आहे.

पाकिटावर लिहिलं होतं: चोवीस तास, उबेत.
आमच्या घरात ऊब एकाच ठिकाणी टिकते.
सौना आदल्या संध्याकाळी तापवलेला,
निखारे विझलेले, दगड अजून कोमट.
पाणी न मारता
सगळ्यात वरच्या बाकावर, ऑस्मोच्या जागी,
टॉवेल अंथरून मी कार्बुरेटर ठेवला.
बाजूला झाकण, काडीसकट.

रात्री दोनदा जाऊन आले.
दार उघडायचं, ऊब जाऊ न देता आत सरकायचं,
आणि काहीही न करता बसायचं,
आजाऱ्यापाशी बसतात तसं नव्हे,
भाकरी भाजायला टाकून बसतात तसं.
बाहेर सरोवर गोठताना मोठ्याने तडकत होतं.

बुधवारी संध्याकाळी काडी धरून ओढली.
काडी निघाली नाही.
झाकणच उचललं गेलं.

गुरुवारी धक्क्यावर ऑस्मोने पोतं मागे फेकलं,
दार आपटलं, किल्ली फिरवली.
इंजिन लागलीच बोललं.
"थंडीत चांगली उठते की," तो म्हणाला,
"उगाच काळजी करत होतीस पत्रात."
मी म्हटलं, हो.
खिशात काडीचं झाकण होतं,
ते अंगठ्याने चाचपत
पुलापर्यंत गप्प बसले.
मग म्हटलं,
आज सौनात वरचा बाक माझा.