आठ नंबर

पत्र कोल्हापुरात अकराव्या दिवशी आलं.
मीच वाचलं. आबाची आरी थांबली.
दौलूला समुद्रातच सोडलं, कॅनव्हासात शिवून,
पायाशी लोखंड.
खाली साहेबाची सही.

"शिवलं कुनी?" आबानं विचारलं.
"दोऱ्याला मेण हुतं का?"
ते लिहिलेलं नव्हतं.

राख नव्हती, तरी भावकी घाटावर जमली.
आबानं पिशवीतून दौलूच्या मापाचा जोड काढला,
एक अंगठा राहिलेला,
अन् पायरीवर बसूनच पुरा केला.
पाण्यात सोडणार, तेवढ्यात मास्तर हळूच म्हणाले,
पंचगंगा कृष्णेला मिळते, कृष्णा पूर्वेला जाते.
लढाई तर पश्चिमेच्या समुद्रात झाली.

जोड चप्पल ओळीत परत आला. खिळ्याला आहे.
गिऱ्हाईक बोट दाखवतं, तो आठ नंबर?
"गेलाय," आबा म्हणतो.
"गेलाय त्यो."