निधान

खडेबाजारात, मुचंडीअण्णांच्या दुकानात
तिसरा ट्रायपॉड उघडून बघूलालो.
पहिला कॅमेऱ्याच्या वजनानं मान टाकणारा,
दुसरा माझ्या खिशाला हसणारा.
ह्याचे पाय वापरलेले, एका क्लिपला दोरी;
डोकं तेवढं नवं, आत तेल असलेलं.
परवा येळ्ळूरला कुस्त्या. झटका बसून चालत नाही.

दांडा धरून दारातूनच फिरवला:
कानडी पाटी, पानपट्टी, मराठी पाटी…
मधेच कचकन अडकला.
अण्णांनी माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली.
"निधान," म्हणाले, "निधान."

त्यांच्या भाषेत सावकाश.
माझ्या भाषेत पुरून ठेवलेलं धन.

परत फिरवला.
पाट्या एकामागून एक
पाण्यावरून गेल्यासारख्या गेल्या.
बुडबुडा मधोमध, हललासुद्धा नाही.

साडेचार हजार.
चारला द्या, म्हटलं.
अण्णा काही बोलले नाहीत,
दोरीची गाठ तेवढी आवळून दिली.