काटा परत येतो का

बर्फाच्या कारखान्यात बाबांची सत्तावीस वर्षं
दोन डायलांसमोर गेली.
एक ओढीचा, एक दाबाचा.
अमोनियानं डोळे चुरचुरत
आणि ते दर तासाला वहीत आकडा लिहीत.
हर्णैला होड्या लागल्या की डबे उलटे होत, बर्फ फुटे,
वहीत त्याची नोंद नसे.

माझ्या खोलीतही कॉम्प्रेसर आहे म्हटल्यावर
जिना चढून आले, भिंतीला कान लावला.
"कुठाय?"
मी पडद्यावर बोट ठेवलं.
काडेपेटीएवढा चौकोन, त्यात काटा.
"ह्याला तेल कुठनं घालतोस?"

आज भिकूबाई चोगलेंचा आवाज लावलाय.
चाळीस वर्षं वाळूत उभं राहून लिलाव पुकारला,
आता घशात गाठ, डॉक्टरनं बोलायचं नाही म्हणून सांगितलंय.
नातवाच्या फोनमध्ये एकोणीस मिनिटं सापडली:
मागं वारा, बैलांची घुंगरं, कुणाचं तरी भांडण,
मधोमध ती,
"साडेसातशे, साडेसातशे, बोल की रं,
सुरमई हाय, तोंड काय बघतोस तिचं!"
सगळं नीट ऐकू येऊ दे, नातू म्हणाला,
कुजबुज पण, ओरड पण.

म्हणून उंबरठा वजा अठरावर ठेवला.
खालून जाईल ते जाऊ दे.
वर चार चढले तर एकालाच चढू द्यायचं.
बाबांना आलेख दाखवला:
तिरकी रेघ सरळ चढत जाते
आणि एका जागी वाकून आडवी व्हायला लागते.
"ह्या वाकणाला गुडघा म्हणतात."
बाबांनी स्वतःच्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवला.
"बरा वाकतोय."

काटा मात्र त्यांना पटेना.
शून्य उजवीकडे, आणि आवाज चढला की काटा डावीकडे पडतो.
उलटा बसवलाय, म्हणाले.
मी म्हटलं, हा आवाज मोजतच नाही.
किती काढून घेतलं, तेवढंच सांगतो.
कुणी गप्प असेल तर शून्य.
हळू बोलत असेल तरी शून्य.
बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
"म्हंजे वहीच की," मग म्हणाले,
"पण घेणाऱ्याची."

मग मी फुशारकीनं ऐकवलं.
मेकअप गेन चांगला वर:
घट्ट, भरीव, अगदी कानाशी.
मला आवडलं.
बाबा ऐकत नव्हते, बघत होते.
"सहावर अडकलाय."
"मधे पाचवर येतो."
"शून्यावर कधी?"

मी आलेख मागे सरकवला.
खाली तिच्या आवाजाचे डोंगर, खड्डे,
आणि वरून लोंबणारी तांबडी रेघ
एकदाही छताला टेकली नव्हती.
"काटा परत येत नाय म्हंजे मशीन दम खात नाय.
अशा रात्री पहाटेला पट्टा तुटायचा."

रिलीज बाराशे मिलिसेकंद.
कुणी ठेवला? मीच.
तिची एक हाक संपून दुसरी यायला अर्धा सेकंदही लागत नाही.
दीडशेवर आणला. उंबरठा थोडा उचलला.
मेकअप काढला तेव्हा आवाज एवढासा झाला,
जणू ती वाळूवर परत गेली, होड्यांपाशी.

आता काटा पडतो, उठतो,
पडतो,
शून्याला टेकून जरा थांबतो.
आणि तिथं,
साडेसातशे आणि आठशेच्या मधे,
तिनं घेतलेला श्वास.
ओला, घोगरा, शेवटी बारीकशी शीळ.
मी फाइलची तारीख पाहिली.
तीन वर्षांपूर्वीची.
तेव्हा कुणालाच काही माहीत नव्हतं.

"हा पण दाबतं का तुझं मशीन?"
श्वास उंबरठ्याच्या कितीतरी खाली होता.
काटा हललाही नव्हता.
बाबांनी टेबलावरचं वीजबिल पालथं केलं,
खिशातलं पेन काढून वेळ लिहिली,
सात मिनिटं चौदा सेकंद,
आणि पुढं, जुन्या सवयीनं रेघ मारून, आकडा:
शून्य.