काळं मीठ

खोलीचे नियम गायधनी बाईंनी
फ्रीजच्या दारावर चिकटवले होते.
भाडं पाच तारखेच्या आत.
टाकी भरली की मोटर बंद.
दहानंतर कुणी यायचं नाही.
आणि खाली, वेगळ्या पेनानं,
उशिरा आठवल्यासारखं:
अंडंसुद्धा नाही.

मी वाचलं, हो म्हटलं.
मखमलाबाद नाक्याला या भाड्यात
पंखा, पाणी, आणि हवा स्वच्छ असली तर
खिडकीत रामशेजचा डोंगर.

रविवारी रात्रपाळीहून आले ती भुकेलीच.
बेसन घेतलं, त्यात दोन चमचे नागलीचं पीठ,
घरचं, सुरगाण्याच्या एसटीनं आलेलं,
निमाणीला कंडक्टरच्या हातून घेतलेलं.
कांदा, मिरची, पिंपळगावचे टोमॅटो,
त्या आठवड्यात इतके स्वस्त की
विकणारा गिऱ्हाइकाकडे बघतच नव्हता.
थोडं दही. सोडा.
शेवटी काळं मीठ.
कंपनीतल्या सुरेखानं पुडी दिली होती:
“हे टाक, मग बघ वास. अगदी तस्सा.”

आला.
आणि जिन्यात चपला वाजल्या.

“हेमलता, मी काही म्हणत नाही.
पण वास येतोय.”

मी पातेलं पुढे केलं. मग पुडी.
बाईंनी पुडी हुंगली, नाक मागे घेतलं,
दार ढकलून घेतलं,
पुन्हा हुंगली.
“असा असतो होय?”

खुर्ची एकच, तिच्यावर माझा गणवेश वाळत होता.
त्या कॉटच्या काठावर बसल्या, अर्ध्याच,
केव्हाही उठता येईल अशा.
मी पळीभर पीठ पसरलं, कडेनं तेल सोडलं.
जाळी पडली.
“हे तर धिरडं,” त्या म्हणाल्या.
मग, “आई ह्यालाच टोमॅटो ऑम्लेट म्हणायची.
जन्मभर ऑम्लेट खाल्लं मी,
अंडं पाहिलं ते मुलाच्या बायॉलॉजीच्या पुस्तकात,
उभं कापलेलं, बाण काढलेलं.”

एक घास. दुसरा.
“खरं सांग हं. खऱ्यासारखं लागतं का?”

अंबडला मी पाळीला दीड हजार बुशिंग तपासते.
गेजचं एक टोक आत गेलं पाहिजे,
दुसरं जाता कामा नये.
पास एका खोक्यात, नापास दुसऱ्यात.
जवळपास असा खोका तिथे नसतो.

आमच्या सात कोंबड्या होत्या.
आई टोपलीत तूस घालून अंडी मांडायची.
हात लावला की ओरड ऐकू यायची,
कोंबडीची नाही, आईची.
बाजाराच्या दिवशी टोपली डोक्यावर जायची
आणि वह्या होऊन परत यायची, रॉकेल होऊन,
एकदा चप्पल होऊन.
आयटीआयची माझी दोन वर्षांची फी
कोंबड्यांनी बसून बसून भरली.
तडकलेलं निघालं तरच घरात,
तेही धाकट्याच्या ताटात.
माझ्या वाट्याला एकदा आलं, तापात.
मला आठवतो तो ताप.

“लागतं का गं?”

“मीठ जास्त झालंय,” मी म्हटलं.

बाई तव्याकडे बघत राहिल्या.
“झालंय खरं,” म्हणाल्या.
“दुसरं टाक. ह्यात घाल तेवढंच.”
आणि कॉटवर नीट, मागे सरकून बसल्या.

फ्रीजवरचा कागद अजून आहे.
शेवटची ओळही आहे, कुणी खोडली नाही.
पुडी मात्र बुधवारी खाली गेली,
“जरा चिवड्यात घालून बघते” म्हणून.
आता कधीतरी सकाळी
खालच्या मजल्यावरून तो वास वर चढतो,
आणि मी जिना उतरते,
चपला मुद्दाम वाजवत.