पाव टाकीच्या खाली

मगदूम सरांची गाडी माझ्या दारात आली
की शहाण्यासारखी वागते.
रेस द्या, सोडा, परत द्या,
काटा सरळ चढतो, सरळ उतरतो.
धूर नाही, थरथर नाही.
दवाखान्याच्या जिन्यातच ताप उतरावा, तशी.

सर म्हणतात, "बाबालाल, खोटं नाही सांगत.
वाघबिळाच्या चढाला लागली की दम खाते.
पाय दाबलेला असतो
आणि ही विचारात पडल्यासारखी.
मागनं ट्रकवाला हॉर्न मारतो.
बंद करून दोन मिनिटं थांबलं
की परत चालू, जसं काही झालंच नाही."

एकोणतीस वर्षं काढली उद्यमनगरात.
गिऱ्हाइकाच्या तोंडून 'कधीकधी' आलं
की मी पाना खाली ठेवतो, चहा सांगतो.
तुटलेलं सापडतं.
कधीकधी बिघडणारं
आपल्यालाच कामाला लावतं.

स्कॅनर लावला. तो म्हणाला, काही नाही.
फिल्टर बदलला, जुना कापून बघितला:
काळा, पण मरण्याइतका नाही.
चारी इंजेक्टरच्या रिटर्नला सलाईनच्या बाटल्या टांगल्या,
सुकुमार मोबाईलवर वेळ धरून उभा.
चारी बाटल्या एका उंचीला भरल्या,
सख्ख्या बहिणींसारख्या.

"मालक, पंपच गेलाय बघा," सुकुमार म्हणाला.
असेलही.
पण पंप सत्तर हजारांचा,
आणि अंदाजानं दुसऱ्याच्या खिशात हात घालायचा नसतो
हे राजमहंमद उस्तादांनी मला शिकवलंय,
कानफटात मारून.

मग सुचलं. आधीच विचारायला पाहिजे होतं.
"सर, असं होतं तेव्हा डिझेल किती असतं?"
सर जरा ओशाळले.
"पाचशेचं टाकतो. एकट्याला किती लागतं?"

काटा लालच्या जवळ येऊ दिला आणि निघालो.
सुकुमारच्या मांडीवर स्कॅनर,
शिवाजी पूल, केर्ली, कुशिरे फाटा,
उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगत.
चढाला आकडे पडायला लागले.
इंजिन मागतंय बाराशे, मिळतंय सातशे.
"मालक, पडलं! पडलं!"
पोरगं लॉटरी लागल्यासारखं ओरडलं.
मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
दुसऱ्याची गाडी बंद पडल्याचा आनंद
आमच्याच धंद्यात.

टाकी उतरवली.
तळाला चमचाभर गंज, थोडं पाणी,
आणि तळहाताएवढा प्लॅस्टिकचा तुकडा,
दुधाच्या पिशवीचा, निळी अक्षरं अर्धी विरघळलेली.
चढाला गाडी कलली
की उरलंसुरलं डिझेल मागं धावायचं,
त्याच्याबरोबर हाही,
आणि शोषनळीच्या तोंडावर हात ठेवल्यासारखा बसायचा.
इंजिन बंद केलं की ओढ संपली, हा सुटला.
कुठला स्कॅनर सांगणार हे?

सर बराच वेळ बघत राहिले.
"गगनबावड्याच्या पंपावर टोपण विसरलो होतो.
हिनं तिथंच चहावाल्याकडनं पिशवी मागून घेतली,
रबर लावून तोंड बांधलं.
म्हणाली, घरापर्यंत टिकेल."
मी काही विचारलं नाही.
सरांच्या घरी चार वर्षांपूर्वी
मी जाऊन आलो होतो, तिसऱ्या दिवशी.

सुकुमारनं तुकडा ड्रममध्ये टाकला होता.
सर उठले, वाकून काढला,
वेस्टनं पुसला, शर्टाच्या खिशात ठेवला.
पांढऱ्या खिशावर डिझेलचा डाग
हळूहळू पसरत गेला.
बिलात मी लिहिलं: टाकी साफ, फिल्टर एक.

संध्याकाळी परत त्याच चढाला गेलो,
टाकी मुद्दाम पावाच्या खाली ठेवून. सर चालवत होते.
आकडे हलले नाहीत.
वाघबिळाचं वळण आलं,
गाडीनं एकदाही कां कू केलं नाही.
सरांनीच बाजूला घेतली, किल्ली फिरवली.

"काय झालं, सर?"
"काही नाही. इथं दोन मिनिटं थांबायची
सवय लागलीय."

मागनं एक ट्रक हॉर्न मारत गेला.